उतरलं का रं?

हे मी बायकोलाबी सांगितलेलं न्हाय. तुम्हाला का सांगतोय, मलाच ठाऊक न्हाय — तुमची-माझी वळख न्हाय म्हणून असंल. बसा जरा. मला हे सरळ बोलता यायचं न्हाय, फिरून फिरून येईन. पण येईन.

मी शिरोळचा. आमच्याकडं पूर आला की पाण्याच्या काठाला काडी रोवायची आणि बघत बसायचं. पाणी काडी सोडून खाली सरकलं, की काडी बघणारा म्हणतो, "उतरलं" — आणि सगळ्या गल्लीचा जीव भांड्यात पडतो. एकदा उतरलं म्हणजे उतरलं. लगेच माघारी फिरत न्हाय ते. आमच्या गल्लीत काडी बघायचं काम वडलांचं हुतं, त्यांच्या मागं माझ्याकडं आलं. माझ्या शब्दावर माणसं जनावरं बाहेर काढत्यात, माझ्याच शब्दावर परत दावणीला आणत्यात. त्याचा मला माज हुता. खोटं कशाला बोलू? लई माज हुता.

अशोक माझा शाळेपासनंचा दोस्त. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. भरलेल्या ट्रॉल्या चिखलातनं असा काढायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं नदीच्या घाटावर गळ टाकून बसायचो. एकदा आमच्या गळवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं — मालवणच्या बाजूला एका बेटावर, किनाऱ्यावरनं गळानं मासं धरायची स्पर्धा हाय. झालं. ग्रुपची गाडी ठरली. पाऊस सरत आलता, पण वारं खवळलेलं हुतं.

होडीतनं बेटावर उतरलो आणि — कसं सांगू? पुराचं पाणी बघून मोठा झालेला माणूस मी. पण पूर कितीबी मोठा असू दे, पलीकडं झाडं दिसत्यात, देवळाचं शिखर दिसतंय. हितं पलीकडंच न्हवतं. पाणी लांबनं उठायचं, चालत यायचं, आणि आपटलं की पायाखालची वाळू थरथरायची.  कुणी सांगितलं न्हवतं, तरी आमच्या सगळ्या पोरांनी चपला काढून हातात धरल्या. मीबी धरल्या.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी दोरी बांधलेली. तिच्या अलीकडंच उभं राहायचं, खडकावर अजिबात जायचं न्हाय, असं पुन्हा पुन्हा बजावलं. आम्ही घाटावरची, समुद्र न बघितलेली माणसं म्हणून आम्हाला जरा जास्तच.

अशोकचा गळ खडकात अडकला. ओढून बघितला, सैल सोडून बघितला, निघंना. तोडून टाकणार हुता त्यो — विषय तिथंच संपला असता. तेवढ्यात पाणी मागं गेलं. लई मागं गेलं. सकाळपासनं न दिसलेले काळे खडक उघडे पडले, त्यांच्या अंगावरनं पाणी निथळत हुतं. अशोकनं दोरी वर उचलली आणि थांबला. समुद्राकडं न्हाय बघितलं त्यानं. माझ्याकडं बघितलं.

"उतरलं का रं?"

गल्ली विचारती तसंच विचारलं की त्यानं. मला समुद्रातलं काय कळत हुतं? एक अक्षर न्हाय. "म्हाईत न्हाय" म्हटलं असतं तर जीभ झडली असती का माझी? सगळी पोरं लांब हुती, ऐकायला कुणी न्हवतं — तरीबी माज तो माज.

"उतरलं. जा की."

गेला. वाकून गळ सोडवाय लागला. आणि ते परत आलं.

अख्खं उसाचं शिवार मुळासकट उठून चालाय लागलं तर कसं दिसंल? तसं. हिरवं, आतनं उजेड भरलेलं, वरनं पांढरं तुटत आलेलं. त्याच्याखाली माझा दोस्त वाकलेला — आणि मी बघत राहिलो. हाक मारली न्हाय. मारायची सुचलीच न्हाय. इतकं देखणं मी जन्मात काय बघितलेलं न्हाय. हे म्हणताना मला लाज वाटती, पण ते हुतंच तसं.

तिथल्या मच्छीमारांनी दोर टाकून त्याला ओढून काढला. डोक्याला मार, डावा गुडघा खडकावर आपटलेला. दवाखान्यात शुद्धीवर आला तवा बेटावर उतरल्याचं त्याला आठवत हुतं, पुढचं काय न्हाय. वैनी — त्याची बायको — गावाकडनं आल्या. रडत न्हवत्या. मला एवढंच विचारलं, ह्यांना कुणी अडवलं न्हाय का?

"वैनी, मी लई हाका मारल्या. ऐकलंच न्हाय त्यानं."

वारं एवढं हुतं, मला खोटं कोण पाडणार?

आता अशोकचा गुडघा वाकत न्हाय. क्लच दाबता येत न्हाय. ट्रॅक्टर भावाकडं गेला, ह्यो खताच्या दुकानात पोती मोजत बसतो. गावात आगाव म्हणून नाव झालं. चिडल्या की वैनी बोलत्यात, आणि त्यो मान खाली घालून म्हणतो, मस्ती माझीच, ह्यो बिचारा बोंबलत हुता. पाव्हण्यारावळ्यांना सांगतो. माझ्यासमोर सांगतो, माझ्या खांद्यावर हात टाकून. मी चहा पीत असतो.

मागच्या पुरात पाणी त्याच्या दारात गेलं. ओसराय लागलं तवा काडी मीच रोवलेली. अशोक काठी टेकत आला. घर कसं हाय ते बघायचं हुतं त्याला. पुढं गढूळ पाणी पसरलेलं, खाली काय हाय दिसत न्हवतं. त्यानं काडीकडं बघितलं न्हाय. पाण्याकडंबी न्हाय. माझ्याकडं बघून म्हणाला, "उतरलं का रं?"

 काडी कोरडी हुती — खरंच उतरलं हुतं. मी नुसती मान डोलावली.

आणि त्यानं, वाकत न्हाय त्यो पाय आधी पाण्यात टाकला.