जमिनीला मारलेली चापट

मूल धडपडलं की आपल्याकडे आधी जमिनीला मार बसतो. ‘कोणी मारलं माझ्या बाळाला? ह्या जमिनीनं? हात रे!’ असं म्हणत फरशीवर दोन सणसणीत चापट्या द्यायच्या, की रडणारं पोर चकित होऊन बघतं आणि रडणं विसरतं. मी असाच वाढलो, बायको अशीच वाढली, आणि लीड्सच्या घरात आमची मुलगीही अशीच वाढली. यात कुणाला समजावून सांगण्यासारखं काही असेल, असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

बायको इथल्या एका नर्सरीत दोन-तीन वर्षांच्या मुलांना सांभाळायची. पुण्यात ती बँकेत होती. माझ्या नोकरीपायी इकडे आली आणि कोर्स करून या कामाला लागली, तेव्हा मी जरा नाकच मुरडलं होतं. पण ती तिथे इतकी रमली की आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या ऑफिसच्या रडगाण्याला जागाच उरली नाही.

एका सकाळी तिथली एक छोटी सतरंजीला अडखळून गालावर आपटली. बायकोनं तिला जवळ घेतलं आणि सवयीनं लाकडी जमिनीला चापट्या मारल्या, तोंडानं ‘हात रे’ चालूच. पलीकडे नॅपी बदलायच्या खोलीत तिची सहकारी होती. तिला ऐकू आलं ते एवढंच: चापट्यांचा आवाज, रडणं आणि न कळणाऱ्या भाषेतलं रागावणं. बाहेर येऊन बघते तर मुलीचा गाल लाल. तिनं मॅनेजरला सांगितलं. तिला तेच शिकवलेलं होतं, आणि माझी मुलगी त्या नर्सरीत असती तर तिनं तसंच करावं असं मीही म्हटलं असतं. त्यामुळे मला तिच्यावर धड चिडताही येईना. मी चिडका माणूस आहे, मला चिडायला कोणीतरी लागतं.

त्याच दुपारी बायकोला घरी पाठवलं. घरात आमची मुलगी आहे म्हणून त्या आठवड्यात एक सोशल वर्कर आल्या. भल्या बाई होत्या, चहाही घेतला. मग मुलीशी एकटीशी बोलल्या. आई कधी मारते का, असं त्यांनी विचारलं. आठ वर्षांची पोर, आणि खरं बोलावं ही आमचीच शिकवण. तिनं सांगितलं की मला नाही मारत, पण टेबलाला मारते, कधी दाराला मारते. अहवालात आलं की आईचा राग घरातल्या वस्तूंवर निघतो. ते वाचून मला आधी हसू फुटलं, मग तो अहवाल मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. आपलं काय चुकलं ते मुलीला कळेना. ‘पण आई टेबललाच मारते ना,’ एवढंच ती म्हणत राहिली.

पोलिसांनी बायकोचा जबाब घेतला आणि काही आठवड्यांनी, पुढे काही करणार नाही, असं कळवलं. मी पेढे आणायच्या बेतात होतो. आमच्या वकीलबाईंनी थांबवलं. पोलिसांनी सोडणं वेगळं आणि बाकीचं वेगळं, त्या म्हणाल्या. बायकोबद्दल कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेत, एक मीटिंग झाली, तिचं बोलावणं बायकोलाच नव्हतं. आरोप सिद्ध झाला नाही आणि खोटाही ठरला नाही, असा निष्कर्ष निघाला. हे असलं अधांतरी काहीतरी असू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं. मग नर्सरीनं तिला काढून टाकलं आणि नियमाप्रमाणे तिचं नाव पुढे कळवलं. मुलांसोबत काम करायला ज्यांना बंदी असते, त्यांची सरकारी यादी असते. तीत तिचं नाव घालायचं की नाही ते आता आणखी एक ऑफिस ठरवणार होतं. त्याला कोर्टासारखा पक्का पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरते. समोर उभं राहून बोलायची सोय नव्हती, काय ते लिहून पाठवायचं.

यादी असायलाच हवी. दुसऱ्या कुणाबद्दल पेपरात वाचलं असतं, तर चहा पिता पिता मीच ‘बरं झालं’ म्हटलं असतं.

आम्ही लिहायला बसलो. ‘हात रे’ म्हणजे काय हे सरकारी इंग्रजीत लिहून बघा एकदा. जे लिहावं ते बनवाबनवी वाटायचं. रोज नवा मसुदा व्हायचा आणि बायको दर वेळी तीच सकाळ पहिल्यापासून सांगायची. मराठी मंडळानं चार ओळी लिहून द्याव्यात म्हणून मी सेक्रेटरींना फोन केला. मंडळाची शनिवारची मराठी शाळा बायकोच चालवायची. ते म्हणाले, ‘वहिनींवर आमचा हंड्रेड पर्सेंट विश्वास आहे हो, पण मुलांच्या सुरक्षेची सेफगार्डिंग पॉलिसी आहे ना. क्लिअर होईपर्यंत त्यांनी शाळेत न आलेलंच बरं.’ मित्र फोनवर ‘कर नाही त्याला डर कशाला’ ऐकवायचे. ही म्हण काढणाऱ्याला एकदा आमच्या घरात पोस्टमनची वाट बघत बसवायला हवं होतं. मी काही करू शकत नव्हतो. भांडी घासायचो, वकीलबाईंना ईमेल करायचो आणि उगाच मुलीवर ओरडायचो.

शेवटी उत्तर आलं. नाव यादीत घातलेलं नाही. माहिती मात्र जपून ठेवली जाईल, आणि नवीन काही समोर आलं तर पुन्हा विचार होईल. मी म्हटलं, सुटलो. दुसरी नर्सरी बघू, नाहीतर शाळेत कुठे बघू, असं बरंच काही मी एका दमात बोलून टाकलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘मी नाही जाणार परत,’ ती म्हणाली.

का, म्हणून मी विचारलं. आता तर तू जिंकलीस, असंही म्हणालो.

‘अरे, इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं ना, की आता डोळ्यांपुढे ती सकाळ येतच नाही. आपण लिहिलेलं तेवढं आठवतं.’ मग हातातला टॉवेल तसाच धरून तिनं विचारलं, ‘मी तिला नव्हतं ना रे मारलं?’

‘नाही,’ मी लगेच म्हणालो.

‘तुला काय माहीत?’ ती म्हणाली. ‘तू कुठे होतास तिथे?’