कामाचा अनुभव : निरंक

माझं दुकान लोहाऱ्यात, तहसीलच्या रस्त्याला. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर बोर्ड : सर्व ऑनलाइन फॉर्म अचूक भरून मिळतील. त्यातला 'अचूक' मी पेंटरला सांगून मुद्दाम मोठ्या अक्षरात काढून घेतला होता. हल्ली शटर वर करताना मी बोर्डाकडं बघत नाही.

आमच्या धंद्यात 'निरंक' हा लई कामाचा शब्द. रकान्यात काही लिहिलं की खाली लगेच लाल अक्षरं येतात, पुरावा जोडा. पुरावा म्हणजे दाखला, दाखला म्हणजे स्कॅन, मग त्याची साइज कमी करा, आणि तेवढ्यात सर्व्हर बसतो. निरंक टाकलं की फॉर्म बिनबोभाट पुढं सरकतो. प्रवेशाच्या दिवसांत दाराबाहेर दहा-पंधरा माणसं उभी असायची. मी कुणाला काही विचारतच नव्हतो. बाप्या असला तर शेती, बाई असली तर गृहिणी, अनुभव निरंक, चला पुढचा. खरं सांगतो, मला त्या स्पीडचा माज होता.

तशाच गर्दीत एका दुपारी ताई आल्या. जवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका, अंगणवाडी सुटल्यावर जीप धरून आलेल्या. आधी दोनदा दाखल्यासाठी आल्या होत्या, तेवढीच ओळख.

"भाऊ, बीएचा फॉर्म भरायचाय. घरी बसून करायचं असतंय ते."

"कुणाचा?" मी मान वर न करता विचारलं.

"माझाच की! कुणाचा म्हंजे?"

मागं उभी असलेली पोरं हसली. ताईसुद्धा हसल्या, पण लगेच खुर्ची ओढून गंभीर झाल्या. सेविकांमधून पर्यवेक्षिका घेतात, त्याला पदवी लागते आणि वयाची अट असते. त्यांच्या हातात तीन वर्षंसुद्धा पुरती उरली नव्हती. बारावी झाली, लग्न झालं, पुस्तक मिटलं ते मिटलंच. आता सतरा वर्षं नोकरी झाल्यावर त्यांना त्या खुर्चीवर बसायचं होतं.

"येकजण म्हणलं, काम केलेल्या माणसाला शिक्षणात सूट भेटती. तेवढं बघा की."

"तसलं काही नसतंय ताई. बीए म्हणजे तीन वर्षं. कुणाला काय बोलायला लागतंय!"

हे मी न वाचता बोललो. माहितीपत्रक समोरच्या स्क्रीनवर होतं, एक बटण दाबलं असतं तर उघडलं असतं.

"मंग हाय तसा भरा. वयाची अट वाढवली तर वाढवली," ताई म्हणाल्या. मी टाइप करत होतो आणि त्या बोलत होत्या. "आमच्याकडं निम्मी लेकरं घरी कानडी बोलत्यात. पहिल्या दिवशी म्या मराठीत बोलले की भोकाडच पसरायची. मंग म्या कानडी शिकले. 'बा इल्ली' म्हणलं की पळत येत्यात आता. दोन महिन्यांत मराठी गाणी म्हणाय लागतेत." पिशवीतून त्यांनी एक जाडजूड वही काढली. कुठलं लेकरू कधी बोललं, कशानं बोललं, कुणाचं वजन का वाढेना, सगळं तारीखवार लिहिलेलं. "ही लागती का कुठं जोडायला?"

"ठेवा आत. ओटीपी आला का बघा."

कामाचा अनुभव : निरंक. सबमिट. प्रिंट त्यांच्या हातात दिली.

आठव्या दिवशी मुरुमचा एक वायरमन तोच बीएचा फॉर्म भरायला आला. तो माझ्यासारखा उतावळा नव्हता, माहितीपत्रक घरून वाचून आला होता. त्यानं मला पान दाखवलं. कामाचा दाखला जोडा, काय काम करता ते लिहून द्या, केलेल्या कामाच्या नोंदी दाखवा, एक छोटी परीक्षा द्या. मंजूर झालं तर आधीच्या शिकण्याचे श्रेयांक मिळतात आणि थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. खाली ज्या कामांची यादी होती, त्यात अंगणवाडी तिसऱ्या ओळीत होती.

दुरुस्तीची मुदत बघितली. चार दिवस बाकी होते. रजिस्टरमध्ये ताईंचा नंबर होता. मी लावला, एक रिंग गेली आणि मी कापला. काय सांगणार होतो? तुम्ही विचारलंत आणि मी तुम्हालाच खुळ्यात काढलं? गावभर झालं असतं, तहसीलच्या रस्त्यावर दुसरी दोन दुकानं आहेतच. उद्या करू म्हणालो. उद्याचा परवा झाला. चौथ्या दिवशी मी मुद्दाम स्वतःला कामात गाडून घेतलं, आणि मुदत संपल्यावर, लाज वाटते सांगायला, मला जरा हलकं वाटलं. आता काही करता येणार नव्हतं ना!

ताई दर वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायला माझ्याकडंच यायच्या. लेकरं झोपली की अभ्यास करते म्हणायच्या, पास झाल्या की पेढे आणायच्या. मी ते खायचो.

त्या तिसऱ्या वर्षाला होत्या आणि पर्यवेक्षिकांची जाहिरात निघाली. मोबाइलवर ती घेऊन ताई जीपमधून उतरल्या त्या जवळजवळ पळतच. "भाऊ, वयात बसते म्या अजून! भरा लवकर!" वयात त्या बसत होत्या. पण पदवी पूर्ण पाहिजे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते मलाच वाचून दाखवावं लागलं.

"शेवटचं वर्ष चालू हाय, असं लिवलं तर?"

"चालत नाही ताई."

"व्हय का." त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं. येक वर्ष आधी सुरू कराय पायजे होतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर पाण्याची बाटली होती, ती मी उचलली आणि प्यालो. पुढच्या उन्हाळ्यात ताई पहिल्या वर्गात बीए झाल्या, आणि त्याआधीच त्यांचं वय उलटून गेलं होतं.

यंदाच्या जूनमध्ये त्या परत आल्या. बरोबर त्यांच्या अंगणवाडीतली मदतनीस, तिशीतली, बुजरी. तिलाही बीए करायचं होतं. मी आता प्रत्येकाला विचारतो, दाराबाहेर कितीही गर्दी असो. तिलाही विचारलं, "काम काय करता? किती वर्षं झाली?"

ती तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "निरंक टाका भाऊ." मग तिच्याकडं वळून, "माझ्याबी फॉर्मला भाऊंनी तेच टाकलं होतं, प्रिंट हाय माझ्याजवळ. आपलं काम त्यात धरत न्हाईत गं. लेकरांची शी-शू काढायची, ह्यात कसलं आलंय शिक्षण!"

रागानं नाही, अगदी सहज. माझ्या एका शब्दावरून या बाईनं स्वतःची सतरा वर्षं पुसून टाकली होती, आणि आता दुसरीची पुसायला बसली होती. कीबोर्डवरचा हात मी काढून घेतला.

"धरतात ताई. तेव्हाही धरत होते. तुमचं पहिलं वर्ष वाचलं असतं. मी न वाचता तुम्हाला नाही म्हणालो."

ताई बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. "म्हंजे दोन वर्षांत झालं असतं?"

"हो."

"जाहिरात निघाली तवा पदवी हातात असती?"

"असती."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

यंदाच कळलं, असं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"फॉर्म भरल्यावर आठव्या दिवशी. दुरुस्तीला चार दिवस बाकी होते."

मदतनीस घाबरून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. ताईंनी पिशवीतून वही काढली, तीच, आता कोपरे झिजलेली, आणि तिच्यापुढं ठेवली.

"ह्यात तू केलेलंबी लिवलंय म्या. वाच. येकबी काम सोडायचं न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुम्ही लिवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या भाऊ म्हणाल्या नव्हत्या. मदतनीस वाचत गेली, मी लिहीत गेलो.