तांडेलकाकांचा कान

तांडेलकाकांना कुठलीही वस्तू दिसली की ती बोटांच्या पेरांनी ठोकून बघायची सवय होती. फणस, नारळ, दार, पाण्याचं पिंप, काही वर्ज्य नव्हतं. रत्नागिरीजवळ भाट्याला त्यांच्या घराची पडवीकडची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी हमालाने माझी पत्र्याची ट्रंक खाली ठेवली न ठेवली तोच काकांनी ती ठोकली, कान दिला आणि म्हणाले, "बाई, निम्मी रिकामीच हाय की वो!" होतीच रिकामी. नुकत्याच नोकरीला लागलेल्या शिक्षिकेच्या ट्रंकेत असून असणार काय? पण परक्या माणसाने ते असं ठोकून जाहीर करावं याचा मला रागच आला. आतून त्यांच्या बायकोचा, अनसूयाकाकूंचा आवाज आला, "त्यांच्याकडे लक्ष नका देव, बाई. मला बघायला आले तेवा आमच्या घराचा खांब ठोकून बघितलंनी."

"मग? खांब बरा होता म्हणून पोरगी केली," काका म्हणाले.

"डोळा फसवतो, कान नाय फसवत" हे त्यांचं ब्रीद. आणि ते उगाच नव्हतं. उभा जन्म गलबतावर गेलेला. कौलं, लाकूड, मीठ भरून मुंबईला जाणाऱ्या गलबताचे ते तांडेल, म्हणजे त्या गलबतावर त्यांच्या शब्दापुढे शब्द नसे. खाडीत कुणाला जुनी होडी विकत घ्यायची झाली की आधी काकांना बोलावणं येई. एकदा मीही बघायला गेले होते. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून ठोकत निघाले, मध्येच थांबले, पुन्हा ठोकलं. "हयसर कुजलंय." तिथे सुरी लावली तर लोण्यात जावी तशी आत गेली. चांगलं लाकूड भरीव बोलतं, कुजलेलं पोकळ बोलतं, हे त्यांनी मला तेव्हा शिकवलं. वर्गातल्या मुलांची डोकी ठोकून बघावीत असा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

काकूंचं माहेर दापोलीच्या किनाऱ्यावर, बुरोंडीला. लग्नानंतर त्या माहेरी कधी रस्त्याने गेल्याच नाहीत. दिवाळी झाली की गलबत मुंबईला निघे, तेव्हा काका त्यांना बुरोंडीसमोर उतरवून जात आणि येताना घेऊन येत. गलबत लांब उभं राही, लहान होडीतून काकू किनाऱ्याला लागत आणि त्यांची आई गुडघाभर पाण्यात येऊन उभी असे. हे सांगताना काकूंचा चेहरा असा काही होई की माझं लक्ष हातातल्या तांदळातून उडे.

मग सगळा माल ट्रकने जाऊ लागला. मालकाने गलबत मोडीत काढलं आणि काका घरी बसले. दोन दिवाळ्या काकू माहेरी गेल्या नाहीत. बुरोंडीहून मासळीच्या टेम्पोबरोबर निरोप येत, म्हातारी विचारते आहे म्हणून. काकू म्हणायच्या, "मी जाते की यष्टीनं. सगळं जग जातं." पण काका पेटायचे.

"तांडेलाची बायको यष्टीत पिशव्या सांभाळीत म्हायेरा जायची नाय! माज्या वाहनानं नेत आलो, माज्याच वाहनानं नेईन."

अभिमान म्हणा, नाहीतर ज्याचं गलबत गेलं त्या माणसाचा हट्ट म्हणा. त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. नवी गाडी आवाक्यातली नव्हती. तेव्हा जुनी, मोडकी घ्यायची आणि होडी दुरुस्त करतात तशी उभी करायची असा बेत ठरला. रत्नागिरीत गॅरेज असलेला युसूफ मिस्त्री त्यांच्या भरवशाचा. त्याचे वडील काकांच्या हाताखाली खलाशी होते, त्यामुळे काकांपुढे मोठ्याने बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याने अशा दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. रविवार बघून आम्ही तिघं त्या बघायला गेलो. मला का नेलं? "बाई शिकलेल्या हायत, कायतरी विचारतील."

पहिली गाडी लांज्याजवळ एका डॉक्टरांच्या गोठ्यात होती. फुगीर बॉनेटची, स्वातंत्र्याच्या आधीची. वर पेंढा रचलेला, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि सबंध गाडी कातासारखी लाल. मी दारातूनच मागे फिरले. युसूफ मात्र खाली सरपटत गेला आणि हसत बाहेर आला. "काका, नुसता वरचा गंज हाय. खालची चासी एक नंबर. इंजिन मी बघतो." काकांनी वाकून गाडीची चासी, म्हणजे ज्याच्यावर सगळी गाडी बसते तो खालचा सांगाडा, ठोकला. ठण्ण! पुन्हा ठोकला. ठण्ण! काकांनी मान हलवली.

"पोकळ बोलतंय."

"काका, लोखंड असंच वाजतं."

"बघू, दुसरी बघू."

दुसरी आमच्या भाट्याच्याच एका माडाच्या बागेत, मांगरात म्हणजे बागेतल्या खोपटात उभी होती. एके काळी गलबतं बाळगणाऱ्या एका शेटजींची. घरातले सगळे मुंबईला गेलेले. ही काळी, दिसायला देखणी. हॉर्नसुद्धा वाजला. काका गुडघ्यावर बसले, खाली डोकावले आणि त्यांचा चेहरा उजळला. गाडीच्या बुडाला डांबर होतं. थरावर थर, बोटभर जाड. पावसाळ्याआधी गलबतं किनाऱ्यावर ओढून त्यांना डांबर लावतात, तेव्हा शेटजींचे खलाशी उरलेलं डांबर दरवर्षी गाडीलाही फासत आले होते.

"बगा! कोणीतरी जीव लावून सांभाळलंय हिला," काका म्हणाले. मग ठोकलं. ठप्प. पुढे सरकले. ठप्प. "भरीव हाय. पठाण शाबूत हाय." पठाण म्हणजे होडीचा तळातला कणा. ते चासीला अखेरपर्यंत पठाणच म्हणत राहिले.

युसूफ चुळबुळत म्हणाला, "काका, डांबर खरवडून बघूया. लोखंडाचा आवाज असा बसका नसतो. खारं पाणी आत अडकलं असंल तर डांबराखाली खायाचं काम चालूच ऱ्हातं."

"तुजा बापूस माज्या गलबतावर डांबर लावी. त्येनं कधी खरवडलंन? तू इंजिन बघ. खालचं मी बघतो."

युसूफने माझ्याकडे बघितलं. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मीही ती काळी, देखणी गाडीच बघत होते.

गाडी बैलांनी ओढत अंगणात आली. काकू ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "ही मला म्हायेरा नेणार? हिलाच तर बैल घेऊन आले." आम्ही सगळे हसलो, काकासुद्धा.

त्यानंतरचे दोन पावसाळे त्या घरात गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. माडाच्या झावळ्यांच्या झापांची खोपी उभारून काकांनी गाडी आत घेतली. युसूफ जमेल तसा येई, इंजिन सोडवी, एखादा भाग मुंबईहून यायची वाट बघत महिना जाई. काका दारांची भोकं पत्र्याची ठिगळं लावून बुजवीत आणि फटींत होडीच्या फळ्यांत भरतात तसा कापूस आणि राळ भरीत. नारळी पौर्णिमेला त्यांनी गाडीपुढे नारळ वाढवला. पावसाळ्याआधी बुडाला आणखी डांबर लावलं. मी चेष्टा करायची, "काका, ही बुरोंडीला समुद्रातूनच जाणार बहुतेक!" ते म्हणत, "गेली तर बुडायची नाय."

इकडे काकूंचे पाय सुजायला लागले. विहिरीवरून येईपर्यंत धाप लागे. आधी ज्या यष्टीने जाते म्हणून भांडत, त्यांना आता स्टँडपर्यंत चालणं होईना. डॉक्टरांनी लांबचा खडखडाटी प्रवास नको म्हणून सांगितलं. काकांना त्यातही आपलंच खरं झाल्यासारखं वाटलं. "म्हणूनच म्हणतो, गाडी पायजे. आरामात जाशील, पाय लांब करून."

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, वाट बघून बघून आईचे डोळे गेले. आता मी गेले तरी तिला दिसायची नाय. हात लावून तरी बघील."

गाडी तयार झाली त्याच आठवड्यात बुरोंडीहून निरोप आला, म्हातारीचं काही खरं नाही, असाल तसे निघा. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर आईसाठी घेतलेली पिशवी होती, नारळ आणि तांदळाचे पोहे. सोबतीला मीही बसले. युसूफ चालवत होता आणि काका पुढे छाती काढून बसले होते. गाडी भाट्याच्या पुलावरून गेली तेव्हा माणसं थांबून बघत होती. काकूंनी माझा हात धरला होता आणि त्या हसत होत्या. त्या अर्ध्या तासाइतकं सुख त्या घराला पुन्हा मिळालं नाही.

हातखंब्याच्या जरा पुढे एक खड्डा आला. फार मोठाही नव्हता. खालून कडकन आवाज झाला आणि गाडी मधोमध खचली. म्हशीने बसकण मारावी तशी. युसूफने उतरून खाली बघितलं आणि डांबराचा एक पोपडा हातात घेऊन आला. आत लोखंड नव्हतं. तपकिरी भुगा होता, ओला.

गाडी खचल्यामुळे मागची दारं अडकून बसली. काकू आत, मी आत. काका बाहेरून दार ओढत होते, लाथा मारत होते आणि दार हलत नव्हतं, कारण ते त्यांनीच इतकं मजबूत केलं होतं. शेवटी मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने पहार घालून उघडलं. काकूंना धाप लागली होती, ओठ निळे पडले होते. पुढे नेण्यात अर्थ नव्हता. त्याच ट्रकने आम्ही त्यांना घरी आणलं. पोह्यांची पिशवी त्यांनी सोडली नव्हती.

म्हातारी दुसऱ्या दिवशी गेली.

निरोप घेऊन आलेला माणूस परतल्यावर काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. काका दारात उभे होते. काकू वळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पयल्या दिवाळीला यष्टीनं गेले असते तर चार दिवस ऱ्हाऊन परत पण आले असते." आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना निदान भांडता आलं असतं. त्यानंतर त्या घरात माहेर हा शब्द कुणी उच्चारला नाही. काकांनी वस्तू ठोकून बघणं सोडलं. त्या वर्षी फणस कापला तो कच्चा निघाला.

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. औषधं चालू होती, पण त्यांनीच हात टेकले होते, असं मला वाटतं. लोक म्हणतात, अशा गोष्टींतून माणूस शहाणा होतो. मला तरी त्यात काही शहाणपण सापडलं नाही. प्रेम होतं, हात राबत होते, कानही होता, आणि सगळं मिळून एका बाईला तिच्या आईपर्यंत पोचवता आलं नाही.

अस्थी बुरोंडीच्या समुद्रात सोडायच्या असं काकांनी ठरवलं. भावकीत कुजबुज झाली, बायकोच्या अस्थी माहेरी नेतात होय?  युसूफ दुसऱ्या कुणाची तरी गाडी घेऊन दाराशी आला होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत पाठवलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. फडक्यात बांधलेला कलश मांडीवर घेऊन ते दापोलीच्या यष्टीत खिडकीपाशी बसले, लहान मुलासारखे गुडघे जुळवून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. मी चहा नेऊन दिला. मागाहून ओढून आणलेली ती गाडी अंगणात खोपीत तशीच खचलेली उभी होती, तिच्याकडे पाठ करून ते ओट्यावर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, प्रवास कसा झाला? फार त्रास झाला का?"

त्यांनी कपातला चहा तसाच ठेवला. 

"त्रास कसला वो, बाई," ते म्हणाले. "सकाळी बसलो, दापोलीला गाडी बदलली, दिवस बुडायच्या आत पोचलो. इतकंच होतं."