चौथा स्क्रू

आमच्या साडूंइतका बसून न राहणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडायचा नाही. झोपेतसुद्धा त्यांची बोटं चादरीवर कुठलं तरी बटण फिरवत असायची. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, मालक. राहायला गौलीगुड्यात, नोकरी सरकारी, आणि जीव सगळा जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत. जेवायला बोलवा, आमटीचा भुरका अर्ध्यात थांबवून कान टवकारणार, "कुणाचा रेडिओ घरघरतोय रे?" आणि उष्ट्या हाताने शेजारी हजर. शेजाऱ्याला घरघर कधी ऐकू आलेली नसायची, पण यांनी सांगितल्यावर यायची, आणि रेडिओ यांच्या काखेत. "दोन दिवसांत देतो." रेडिओ दोन दिवसांत वाजायचाही हो! पण साडू त्याचं मागचं झाकण लावायचे नाहीत. "झाकण लावलं की काम संपलं. मग मी काय करू?" असे उघड्या पाठीचे रेडिओ घरभर. झाकणं अक्काने कामाला लावलेली. त्यांना भोकं असतात ना, सांडगे छान वाळतात म्हणायची.

मला पण शिकवायला निघाले होते. मी चौथी नापास, पण हौस दांडगी. म्हणाले, "चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा. दोन्ही आत गेले तर करंट छातीतून जातो."

"दादा, मी लुंगीवर आहे. खिसा कुठून आणू?"

"पाठीमागे धर मग!"

मी धरला पाठीमागे, आणि नीट दिसावं म्हणून वाकलो. जाग आली तेव्हा अक्का तोंडावर पाणी मारत होती आणि साडू येरझाऱ्या घालत ओरडत होते, "हात मागे ठेवायला सांगितला, तर नाक कशाला घातलंस आत?"

मग तो काळ आला. देश खुला झाला म्हणे. सुलतान बाजारातली दुकानं रिमोटच्या कॅसेट डेकांनी लखलखायला लागली. त्यातच अक्काने दिलसुखनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवला आणि सांगून टाकलं, "नव्या घरात मी तरी येईन, नाहीतर हे डबे तरी. ज्याचे त्याला देऊन या, उरतील ते भंगारात."

निघालो ऑटोतून. रेडिओ माझ्या मांडीवर, साडू अर्धे ऑटोबाहेर. पहिल्याच दारात शिंपीकाका म्हणाले, "कायकू लाए दादा? हमारे घर में डेक आ गया, तुमिच रखलो."

"बजा के तो देखो!"

"नक्को बोले ना."

दार बंद. पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारी तेच. रेडिओ परत माझ्या मांडीवर. साडू दर वेळी ऑटोत जास्तच चुळबुळायचे. अक्काने सांगितलेलं भंगार त्यांना दिसायला लागलं होतं.

शेवटी आमचं घर. आमचाही एक रेडिओ त्यांच्याकडे होता, सासूबाईंनी लग्नात दिलेला. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही डेक आला होता. त्यांना बघून बायकोने घाईघाईने त्यावर धुण्याचा ढीग टाकला, पण मी शहाणा, तो बंद करायचा विसरलो. "दादा, वाटच बघत होतो रेडिओची!" मी म्हटलं. साडूंनी कान टवकारले. धुण्याच्या ढिगातून गाणं येत होतं.

साडू खाली बसले, पिशवीतून झाकण काढलं आणि लावायला लागले. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. चौथा हातात घेतला, बघितला आणि खिशात टाकला.

"दादा, हा राहिला की."

"राहू दे. रविवारी येतो लावायला."

बाकीचे रेडिओ गेले भंगारात. साडू मात्र रविवार रविवार यायचे. तीन स्क्रू काढायचे, आत डोकावायचे, तीन स्क्रू लावून जायचे. चौथा कधी लावला नाही.

आता गुडघ्यांमुळे त्यांना घराबाहेर पडता येत नाही. खिडकीपाशी बसतात, हात मांडीवर गप्प. तेवढं मला बघवत नाही. म्हणून रविवारी सकाळी मीच पेचकसाने एक स्क्रू ढिला करतो, रेडिओ मांडीवर घेऊन ऑटोने दिलसुखनगर गाठतो.

"दादा, बघा ना, खडखडतंय."

"तुला काही म्हणजे काही जमत नाही," म्हणतात, आणि एक हात खिशात घालतात.