नोंग सेसोची काठी

आमच्या अबुनो गावच्या कारखान्यात गिटारीवर ब्रिज बसवायचं काम नोंग सेसोचं. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही नोंग म्हणतो, दादा म्हणावं तसं. ब्रिज म्हणजे तारांचं खालचं टोक ज्यावर टेकतं ती पट्टी. ती जराशी इकडेतिकडे झाली तर गिटार जन्मभर बेसूर, म्हणून मालक हे काम दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. त्यासाठी सेसोकडे बांबूची एक काठी आहे, खुणा पाडलेली, हाताच्या घामाने काळी पडलेली. काठी लावायची, खूण करायची, की झालं. फूटपट्टी घेऊन बसणाऱ्यांना तो शिंपी म्हणतो. मी शेजारच्या बाकावर पॉलिश मारते, त्यामुळे त्याच्या फुशारक्या मला तोंडपाठ आहेत. माणूस वाईट नाही, पण हेकेखोर. एकदा बोलला की शब्द मागे घेणं त्याला जमत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी रोवेना. आम्ही तिला वेंग म्हणतो. शाळेत असताना तिने हट्ट धरला, मला विजेची गिटार पाहिजे. मकाव, हाँगकाँगच्या हॉटेलांत बँड घेऊन जाणाऱ्या पोरी तीच वाजवतात. तयार गिटार परवडणारी नव्हती, म्हणून सेसोने शहरातून एक किट आणलं. एका खोक्यात लाकडाचं धड, मान, खुंट्या, वायरी, स्क्रू, आणि सगळं आपलं आपण जोडायचं. सगळ्यांत स्वस्तातलं असल्यामुळे ब्रिजची भोकंही आपणच पाडायची होती. सोबतचा सूचनांचा कागद सेसोने चुरगळून माझ्या चिंध्यांच्या डब्यात टाकला.

"मला ब्रिज शिकवतायत! प्लायवुडची फळी विकतात आणि वर अक्कलही विकतात!"

मान आमच्या लहान गिटारीएवढीच दिसत होती. त्याने त्याच गिटारीची खूण धरून काठी लावली आणि भोकं पाडली. पिवळा रंग मी दिला. वेंग तर हरखून गेली होती. दिवसभर गिटार गळ्यात.

पण एका दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना ती गिटार घेऊन आली.

"पापा, खाली ठीक वाजते. वरच्या पडद्यांवर गेलं की सूर लागत नाही. गिटारीतच काहीतरी आहे."

सेसोने हात धुतले, ब्रिजवरचे बारके स्क्रू पिळले, पुन्हा पिळले. सगळा कारखाना त्याच्याकडे बघत होता. मग त्याने गिटार तिच्या हातात परत दिली.

"गिटारीला काही झालेलं नाही. ब्रिज मी बसवलाय. तुझा कानच कच्चा आहे, वेंग. आईवर गेलीस."

तिची आई देवळात कशी गाते ते सगळ्यांना माहीत होतं. आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. वेंगही हसली, पण ती पुन्हा गिटार घेऊन कारखान्यात आली नाही. पुढे कधीतरी तिने ती घरच्या भिंतीवर टांगली. आता ती गाड्यांच्या वायरी जुळवायच्या फॅक्टरीत पाळीवर जाते. कुणी गाण्याचा विषय काढला की आधीच सांगते, "मला विचारू नका हं, माझा कान कच्चा आहे."

यंदा देवळातल्या गाणाऱ्या मंडळींना नाताळाआधीच्या पहाटेच्या मिसांसाठी, म्हणजे प्रार्थनांसाठी, विजेची गिटार हवी होती. सेसोने ती पिवळी गिटार भिंतीवरून उतरवली. स्वस्तातलं सगळं काढून चांगलं बसवायचं, असं त्याने ठरवलं. तारांचा आवाज पकडणारे नवे पिकअप, नव्या खुंट्या, नवा ब्रिज. जुना ब्रिज काढला, आणि काय मनात आलं कोण जाणे, काठी जवळ असूनही त्याने माझ्याकडे दोरा मागितला. मानेच्या वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत दोरा धरला आणि दुप्पट केला. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून दोऱ्याचं टोक भोकांवर यायला हवं, हे मला पॉलिशवालीलाही कळतं. ते भोकांच्या पलीकडे गेलं. चांगलं अर्धं बोट.

त्याने दोरा पुन्हा धरला. मग काठी लावली. काठी बरोबर जुन्या भोकांवर आली.

"ही मान आपल्या गिटारीची नाहीच, चारिंग," तो म्हणाला. "लांब आहे."

त्या दिवशी त्याने आणलेला भात तसाच परत नेला. शनिवारी तो फादरकडे कन्फेशनला गेला. सोमवारी भोकं लाकडाने बुजवून, नवी पाडून, गिटार माझ्या बाकावर ठेवली.

"वरून असा रंग मार की बुजवलेलं दिसता कामा नये."

"पोरीला सांगितलंत?"

"फादरना सांगितलं."

"मग फादरचा कान कच्चा म्हणाला होतात का तुम्ही?"

तो नुसता उभा राहिला, टोपी हातात धरून. मला त्याची दया आली आणि मी रंग मारला. चांगला मारला, मेला! नखाने चाचपूनही कळलं नसतं. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी वेंग वडिलांना भेटायला आली. मी त्यांच्या घरी सुकी मासळी द्यायला गेले होते, तिथेच थांबले. सेसोने गिटार तिच्यापुढे धरली.

"नवं सामान घातलंय. बघ जरा वाजवून."

"मी काय बघू? ज्याला कळतं त्याला दे."

पण हात पुढे झालाच. आधी खाली वाजवलं, मग हळूहळू वर गेली. अगदी वरचा सूर लख्ख लागला. ती थांबली. पुन्हा तोच वाजवला. मग हसून म्हणाली, "पापा, इतक्या वर्षांनी माझा कान सुधारला बघ!"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. सेसो उठला, आतून पटाशी घेऊन आला, आणि तिच्या मांडीवरच्या गिटारीचा रंग ब्रिजपाशी खरवडायला लागला.

"पापा, काय करतोस! नवीकोरी केलीय ना!"

रंगाखालून बुजवलेल्या लाकडाच्या दोन गोल चकत्या दिसल्या.

"ही जुनी भोकं. चुकीच्या जागी पाडली होती, मी. गिटार बेसूर होती. तू बरोबर ऐकत होतीस."

वेंगने एका चकतीवर बोट ठेवलं. "तुला कधी कळलं?"

"दहाबारा दिवसांपूर्वी." मग त्याने मान खाली घातली. "नाही. तेव्हाच. स्क्रू मागे घेत गेलो, ते संपले तरी सूर लागेना. तेव्हाच कळलं होतं. पण सगळे बघत होते गं."

"आणि आता रंग कशाला मारलास?"

सेसोने पटाशी खाली ठेवली. रंग माझ्या हातचा होता.

"तेव्हा मकावला जाणाऱ्या बँडवाल्यांनी मला बोलावलं होतं," ती म्हणाली. "तुला सांगितलंच नाही मी. मीच त्यांना म्हटलं, माझं नाव काढून टाका, माझा कान कच्चा आहे. कानाचं त्यांनी काही विचारलंही नव्हतं रे पापा."

सेसो तिच्यासमोर खाली बसला. वेंगने एकेक करून सगळ्या खुंट्या सैल केल्या आणि गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

"लाव सुरात."

त्याने सूर दाखवणारा फोन खिशातून काढला.

"तो नको. मी सांगते."

ती पाठ करून बसली. तो तार छेडायचा, ती सांगायची. "वर. अजून. जास्त झालं, खाली. थांब." त्याने बाजूला टाकलेला फोन मी उचलला होता. तिने थांब म्हटलं तेव्हा काटा बरोबर मध्यावर उभा होता. मी फोन सेसोपुढे धरला.

त्याने तो हाताने बाजूला सारला. "नको दाखवूस. मला ऐकू येतंय."

वेंगने मागे वळून पाहिलं नाही.

"पुढची तार, पापा."