जुनी होऊ द्या, मंग घ्या

अतुल भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावचा. तुमसरच्या एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर नोकरीला होता. धानाचा ट्रक आला की भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, मग रिकाम्या गाडीचं घ्यायचं, पावती फाडायची आणि पुढच्याला हाक मारायची. दोन ट्रकांच्या मधला वेळ हाच त्याचा खरा संसार. त्या वेळात तो मोबाईलवर जगभरच्या कन्सोल गेमच्या बातम्या वाचायचा. कुठला गेम कधी येणार, कुणी तारीख पुढे ढकलली, कुणी किंमत वाढवली, कुणी डिस्क टाकायची खाचच नसलेलं मशीन बाजारात आणलं. मिलच्या हमालांना यातलं ओ की ठो कळत नसे, पण अतुल तावातावाने बोलायला लागला की तेही बिड्या हातात धरून ऐकत बसत. दुसऱ्यावर मनापासून चिडलेला माणूस पाहायला कुणाला आवडत नाही?

घरी आल्यावर हीच चीड तो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर काढायचा. त्याचं यूट्यूब चॅनल होतं आणि तो त्यावर शुद्धबिद्ध बोलण्याच्या फंदात न पडता सरळ झाडीबोलीत बोलायचा. पुण्या-मुंबईची पोरं आधी हसायला आली, मग ऐकायला राहिली. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी त्याचं एकच वाक्य ठरलेलं: "जुनी होऊ द्या, मंग घ्या."

हे वाक्य त्याने कुठल्या पुस्तकातून आणलं नव्हतं. धानाच्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल की नवा तांदूळ लगेच शिजवू नये. भाताचा गोळा होतो आणि पोटाला जड जातो. वर्षभर पोत्यात राहिला की तोच तांदूळ मोकळा शिजतो. अतुल म्हणे, गेमचंही तसंच. पहिल्या दिवशी येतो तेव्हा कच्चा असतो, शंभर चुका असतात, आणि भाव मात्र सोन्याचा. सहा महिने थांबा, चुका दुरुस्त होतात आणि किंमत अर्ध्यावर येते. आगाऊ पैसे भरून गेम नोंदवणाऱ्यांना तो उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणायचा. तांदूळ जुना झाला की महागतो आणि गेम जुना झाला की स्वस्त होतो, हे कुणी दाखवून दिलं तर तो हसून म्हणे, "मंग? दोहीकडं फायदा आपलाच ना!"

गंमत अशी, की या गेमपंडिताला स्वतःला गेम खेळता येत नव्हता. कंट्रोलर हातात घेतला की त्याची बोटं कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी व्हायची. खेळायची ती त्याची धाकटी बहीण तृप्ती, घरातली तिपू. खेळून झालं की कुठे मजा आली, कुठे फसवलंय, कुठला टप्पा उगीच ताणलाय, हे ती त्याला सांगे आणि तो ते कॅमेऱ्यासमोर गाजवे. कॅमेराही तीच धरायची.

तृप्तीला जन्मापासून सिकलसेल. आमच्या भागात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही, घरटी नाही तरी गल्लीत एखादं माणूस असतंच. थंडी लागली, पावसात भिजली, जरा जास्त राबली की हाडांमध्ये दुखणं उठायचं आणि ती दोन-दोन दिवस उशी दातांत धरून पडायची. वडील भैय्यालाल ती लहान असतानाच गेले. आई सत्यभामाबाई रोवणीला जायच्या तेव्हा सारं गाव धानाच्या बांधीत आणि ही एकटी घरात. ती दहावीत असताना अतुलच्या मित्राने, तुमसरला मोबाईलचं दुकान असलेल्या जीवनने, नागपूरहून एक वापरलेला कन्सोल आणून दिला. त्या दिवसापासून तृप्तीला घर पुरायला लागलं.

तिचा जीव एकाच गेमवर होता. इंग्रजी नाव लांबलचक होतं, घरात सगळे त्याला 'डोंगेवाली' म्हणत. पूर आलेल्या मुलखात एक बाई डोंगा वल्हवत आपली वाहून गेलेली पोरगी शोधते, एवढीच गोष्ट. दोन भाग आले होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी बाई एका दाराशी पोचते, दार उघडतं आणि पडदा काळा होतो. तृप्ती त्या रात्री जेवली नव्हती. सत्यभामाबाई भाजी निवडत निवडत तो गेम पाहायच्या, त्यासुद्धा म्हणाल्या, "हे का बाप्पा! पोरगी भेटली का नाई, तेवढं तरी सांगाचं होतं."

तिसऱ्या भागाची तारीख तीनदा पुढे गेली. प्रत्येक वेळी ती बातमी अतुलनेच घरी आणली आणि प्रत्येक वेळी तृप्तीने त्यालाच शिव्या घातल्या. शेवटी एकदाचा तो उन्हाळ्यात आला. किंमत पाच हजार. जुन्या कन्सोलवर चालेल की नाही याची धास्ती होती, तर चालणार होता. म्हणजे अडचण काहीच नव्हती. पैसेही नव्हते असं नाही. मिलमधून पगार वेळेवर मिळत होता आणि चॅनलचेही थोडेफार यायला लागले होते.

अडचण होती ती अतुलच्या तोंडाची. गेम येण्याच्या आदल्या दिवशीच त्याने व्हिडिओ टाकला होता, "पाच हजार? आमाले येडे समजता का?" त्याचा कुठलाच व्हिडिओ तोवर एवढा चालला नव्हता. गोंदियापासून नाशिकपर्यंतच्या पोरांनी खाली शपथा घेतल्या होत्या, भाऊ, तुमी म्हनता तर आमी नाई घेत.

दुसऱ्या दिवशी जीवनने त्याला दुकानात बोलावून डिस्कचा डबा हातात ठेवला.

"घेऊन जा. तिपू किती दिवसाची वाट पाहून राहिली."

"कालच व्हिडिओ टाकला ना बे. आज कोनत्या तोंडानं घेऊ?"

"तोंडानं कायले घेतं? हातानं घे."

अतुल हसला. डबा उलटून पाहिला, मागचं चित्र पाहिलं, आणि परत काउंटरवर ठेवला. म्हणाला, "दिवाळीत अर्ध्यावर येते. पाहाजो तू."

घरी गेला तर तृप्ती दारातच. गेम आणला नाही हे तिला त्याच्या रिकाम्या हातांवरून कळलं, पण तिने विचारलं दुसरंच.

"तुवा शेवट पाहिला का रे?"

अतुलने पाहिला होता. बातम्या देणाऱ्याला पाहावा लागतो. परदेशात कुणीतरी आख्खा गेम खेळून यूट्यूबवर टाकला होता, तो त्याने धर्मकाट्यावर बसून पाहिला होता.

"पाहिला."

"मंग तोंड झाकून बस. तुह्या तोंडावर सारं दिसते."

तिने स्वतः मात्र तो व्हिडिओ कधीच लावला नाही. दुसऱ्याने खेळलेला गेम पाहणं म्हणजे दुसऱ्याचं जेवण मोजणं, असं ती म्हणे. अतुलने दिवाळीचं सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "चालते. तुह्या चॅनलची इज्जत गेली तर लोक मलेच हासतीन." हे ती मनापासून म्हणाली की भावाला मोकळं करण्यासाठी, ते अतुलने विचारलं नाही. माणूस आपल्या सोयीचं उत्तर मिळालं की पुढे विचारत नाही.

पाऊस गेला. रुपया घसरला म्हणून कंपनीने किंमत उलट वाढवली. अतुलने त्यावर आणखी एक झणझणीत व्हिडिओ केला. कॅमेरा तृप्तीनेच धरला होता आणि त्याने "जुनी होऊ द्या" म्हणताच पलीकडून "मंग घ्या" असं तिनेच म्हटलं होतं. तिचा आवाज त्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतो.

दिवाळीला सेल लागला. सगळे गेम स्वस्त झाले, तेवढा एक सोडून. गावातली मंडईची जत्रा झाली, धान मळून झालं, मिलसमोर ट्रकांची रांग लागली. जीवन एकदा म्हणाला, "घेऊन टाक ना आता, कोनाले मालूम पडते?" आणि अतुल म्हणाला, "संक्रांतीपरेंत थांबतो. एवढं थांबलो."

डिसेंबरच्या थंडीत तृप्तीचं दुखणं उठलं. नेहमी दोन दिवसांत उतरायचं ते उतरेना. छातीत दुखायला लागलं, दम लागायला लागला, तेव्हा तिला भंडाऱ्याला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला, करायचं ते सगळं केलं. एका दुपारी सत्यभामाबाई पेज आणायला खाली गेल्या होत्या आणि अतुल पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. तृप्तीने डोळे उघडले.

"दादा, डोंगेवालीले तिची पोरगी भेटते का?"

अतुलला आधी बरं वाटलं, पोरगी बोलली म्हणून. तो म्हणाला, "घरी चाल. खेळून पाहाजो."

"नाई. तू सांग."

मग त्याच्या ध्यानात आलं. जी पोरगी कानात बोटं घालून पळायची, जी त्याच्या तोंडाकडेसुद्धा पाहायची नाही, ती आज शेवट मागत होती. म्हणजे तिने वाट पाहणं सोडलं होतं. हे त्याला कळलं आणि कळूनही त्याला ते कबूल करायचं नव्हतं. शेवट सांगितला तर आपणही वाट पाहणं सोडलं असं होईल, असं त्याला वाटलं. म्हणून तो खोटं बोलला.

"डिस्क घेतली मी. जीवनच्या दुकानात ठेवली हाये."

"स्वस्त झाली?"

"हो."

"कितीले भेटली?"

ज्याला जगातल्या प्रत्येक गेमची किंमत पाठ होती, त्याला त्या वेळी एक आकडा सुचला नाही. तृप्ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं. रागावली नाही, उलट तिनेच त्याची सुटका केली.

"असू दे. शेवट तरी सांग."

"तू खेळशीन ना, तिपू."

"बरं," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. एकवीस वर्षांची होती.

अतुल सांगतो की बाकीचं सगळं तो कसंबसं सहन करेल, पण ते 'बरं' त्याला सहन होत नाही. तिने हट्ट करायला हवा होता, भांडायला हवं होतं. ती आयुष्यभर भावाशी भांडली आणि नेमकी तेव्हाच शहाण्यासारखी वागली.

तिच्या जलदानविधीच्या दिवशी घरात माणसं दाटली होती, भन्तेजींचं बोलणं चाललं होतं आणि अतुलच्या खिशातला मोबाईल वाजला. त्याने उन्हाळ्यात स्वतःच लावून ठेवलेली सूचना होती. डोंगेवालीचा तिसरा भाग अर्ध्या किमतीत. तो परसात गेला आणि विहिरीच्या कठड्याला डोकं टेकवून ओक्साबोक्शी रडला. लोकांना वाटलं, आत्ता कुठे याचा बांध फुटला. फुटला होता खरा, पण कशाने, ते सांगण्यासारखं नव्हतं.

चार दिवसांनी जीवन डिस्क घेऊन आला. पैशाचं काही बोलला नाही. अतुलने कन्सोल लावला आणि खेळायला बसला. पहिल्याच पुलाखाली डोंगा उलटला. पुन्हा लावला, पुन्हा उलटला. तो दुपारभर बुडत राहिला. सत्यभामाबाई भिंतीला टेकून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "राहू दे बाबू. तुले नाई येत ते. तोंडानं सांग."

अतुलने कंट्रोलर खाली ठेवला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, कारण धरायला कुणी नव्हतं, आणि व्हिडिओ सुरू केला. नमस्कार नाही, किंमत नाही, कुणावर चीड नाही. एकदम बोलायला लागला.

"तर त्या दारातून डोंगेवाली आत जाते. आतमंदी कोनीच नसते. मंग ते लय फिरते, म्हातारी होते, केस पांढरे होते. एक दिवस एका नदीवर येते, तं तिथं एक बाई डोंगा चालवून राहिली. ते तिचीच पोरगी. म्हातारीले देखताबरोबर समजते. पोरगी नाई ओळखत, लहानपनीच वाहून गेलती ना. म्हातारी डोंग्यात बसते. पोरगी तिले पलीकडं सोडते, हात धरून उतरवते, म्हनते, संभाळून जाजो माय. आन् म्हातारी जाते. बस, एवढाच हाये शेवट."

मागून सत्यभामाबाईंचा आवाज येतो, "आन् सांगत नाई ते? मी तुही माय हावो म्हनून?"

"नाई सांगत."

"काहून?"

अतुल मागे वळून आईकडे पाहतो. मग म्हणतो, "भेटते, तिपू. तिले पोरगी भेटते," आणि हात पुढे करून मोबाईल बंद करतो.

त्याने तो व्हिडिओ तसाच टाकला. रात्रीपर्यंत खाली शिव्यांचा पाऊस पडला. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? ते सहा-सात महिने याच्याच शब्दावर थांबले होते आणि याने सगळ्यांचा शेवट फोडून टाकला होता. कुणी विचारलं, तिपू कोण? कुणी म्हणालं, भाऊने दारू घेतलीय. चॅनल सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली. जीवनने फोन करून सांगितलं, काढून टाक तो व्हिडिओ. अतुलने काढला नाही आणि कुणाला काही समजावलंही नाही.

एकालाच त्याने उत्तर दिलं. साकोलीकडचा कुणी मुलगा होता. त्याने शिवी दिली नव्हती, नुसतं लिहिलं होतं, "भाऊ, मी आन् माहा लहान भाऊ दोघं मिळून खेळनार होतो. तुमी म्हनलं म्हनून स्वस्त व्हायची वाट पाहून राहिलो होतो. आता काय करू?"

अतुलने खाली लिहिलं, "आजच घेऊन जा. दुकानवाला सांगन त्या किमतीले घे."