कोठीत मावणारा एकच माणूस

ऑरिन स्कोगनने गुरांचे रँच विकून गावात घर घेतले, तेव्हा बाकीचे सामान दोन दिवसांत लागले. काडतुसे भरण्याचे लोखंडी दाबयंत्र मात्र सहा आठवडे पोत्यात गुंडाळलेले व्हरांड्यात पडून होते. आपल्या बंदुकीची काडतुसे तो एकेचाळीस वर्षे, वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा बारूद आणि गोळी बसवून, स्वतःच भरत आला होता. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या त्या खोऱ्यात यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते त्याच्या बायकोच्या, आयोनच्या, अटीचे. पहिला बर्फ पडण्याआधी त्याला स्वतःला पूर्णपणे पटेल अशी जागा सापडली तर ठीक. नाहीतर यंत्र शेजारच्या वेंडेलला द्यायचे आणि हा उद्योग कायमचा बंद करायचा.

ऑरिनने ती अट बिनतक्रार मान्य केली. जागा मिळणार याची त्याला खात्री होती. फक्त ती तपासून घ्यायची होती.

पुढे गावात असे सांगू लागले की, म्हाताऱ्याने एका नजरेत जागा हेरली. त्याची वही वेगळे सांगते. प्रत्येक जागेला तिच्यात स्वतंत्र पान आहे. बारूद तोलायचा नाजूक तराजू तो त्या जागी ठेवी, सकाळी काटा शून्यावर आणी आणि दुपारी व संध्याकाळी पुन्हा पाहून नोंद करी. गॅरेज चार दिवसांत बाद झाले: दिवसा ऊब, रात्री गारठा, आणि ओली गाडी आत आली की पितळी पुंगळ्यांवर दमटपणाचे डाग. पाहुण्यांच्या खोलीत उष्ण हवेच्या झरोक्यामुळे काटा डुलत राही. शिवाय तिथे गालिचा होता. काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी त्यात पडली, तर ती व्हॅक्यूमलाच सापडायची, आणि तीही बार उडाल्याच्या आवाजासकट.

राहिले तळघर. तिथे पाणी तापवण्याचा गॅसचा बंब होता आणि त्याच्या पोटात अखंड जळणारी एक ज्योत.

"एवढ्याशा ज्योतीला काय भितोस?" वेंडेल म्हणाला. "तुझ्या पाइपातला विस्तव तिच्यापेक्षा मोठा असतो."

"पाइप मी विझवू शकतो. बंब विझवला तर आयोनला गार पाण्यानं आंघोळ करावी लागेल. मग बारूद परवडली म्हणायची वेळ येईल."

वेंडेल हसला; पण यंत्र न्यायला ट्रक कधी आणू, हेही त्याने विचारून घेतले.

वहीत १९९८ सालच्या मार्च महिन्यातली एक नोंद आहे: "सतरावी पुंगळी. दुप्पट. काढली. दार." त्या दिवशी दारात कोणीतरी बोलत उभे होते आणि ऑरिनने एकाच पुंगळीत दोनदा बारूद ओतली होती. गोळ्या बसवण्यापूर्वी पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत दिवा धरून पाहायची त्याची शिस्त होती, म्हणून चूक सापडली. एरवी बंदूक तोंडावरच फुटली असती. दारात कोण होते, हे वहीत नाही. त्याने ते कोणालाच सांगितले नव्हते.

रेडिओवर शनिवारी बर्फ पडेल असे सांगितले आणि शुक्रवारी सकाळी वेंडेलचा ट्रक दारात आला. तेव्हा आयोनने मागल्या बोळातली कोठी उघडली. उत्तरेची, बिनखिडकीची, सिमेंटच्या जमिनीची खोली. जेलीच्या आणि मुरवलेल्या बिटांच्या बरण्या तिने आधीच जिन्याखाली हलवल्या होत्या. दाराला कुलूप होते आणि बोळाच्या टोकाला हात धुवायची वेगळी मोरी, म्हणजे गोळ्यांच्या शिशाने माखलेले हात स्वयंपाकघरापर्यंत जायचा प्रश्न नव्हता. तराजू तिने कालच आत ठेवला होता. ऑरिनने वाकून पाहिले. काटा शून्यावर होता.

"यात दुसरी खुर्ची कुठं बसणार?" वेंडेलने विचारले.

"नाहीच बसणार," आयोन म्हणाली. "म्हणून तर निवडली." मग ती नवऱ्याकडे वळली. "सतराव्या पुंगळीच्या दिवशी दारात मी होते, ऑरिन. बहिणीच्या लग्नाचं सांगत होते."

"त्या पुंगळीचं तुला कुणी सांगितलं?"

"वही तू टेबलावर उघडी टाकून गेला होतास. त्यानंतर यंत्राची खटखट थांबेपर्यंत मी कधी आत आले का? आठव."

ऑरिनने आठवून पाहिले. इतकी वर्षे त्याने याचा अर्थ वेगळाच लावला होता.

"मला वाटायचं, तुला कंटाळा येतो," तो म्हणाला.

"तोही येतो."

वेंडेलने यंत्राचे एक टोक उचलले आणि दोघांनी ते आत नेले. संध्याकाळी ऑरिनने नव्या पानावर लिहिले: "जागा: कोठी. निवड: आयोन." चूक पकडायला आजवर त्याने दिव्यावर भिस्त ठेवली होती; ती होऊच नये म्हणून आयोन दाराबाहेर थांबत आली होती, हे त्याला आता कळले. दिवा मात्र तो यापुढेही धरणारच होता.

शनिवारी खरोखरच बर्फ पडला. पन्नास काडतुसे भरून ऑरिन बाहेर आला, तेव्हा बोळातल्या स्टुलावर आयोनने ठेवलेली कॉफी केव्हाची गार होऊन बसली होती. त्याने ती तशीच, उभ्याने, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.